महालक्ष्म्या, जपानी योद्धे आणि बटन सेल

आधीच सांगते, मला बाहुल्यांचा राग नाही. राग आहे तो "बाहुल्या" म्हटलं की तोंड वाकडं करणाऱ्या माणसाचा. "फिगर म्हण, अनसूया, फिगर," असं आमचे हे मला उठता-बसता शिकवतात, आणि मी उठता-बसता बाहुल्याच म्हणते. हे म्हणजे माझे यजमान, गोपाळकृष्ण. तुळजापूरच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सासऱ्यांनी उपाध्येपण केलं, ह्यांनी जन्मभर फायली केल्या, आणि निवृत्तीनंतर उपाध्यांच्या घरात जपानी योद्धे आणून बसवले. आता बोला.

खोड लावली ती आमच्या शंतनूनं. तो नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात असतो, मेलबर्नला. एकदा जपानला फिरायला गेला तेव्हा बाबांसाठी गंमत म्हणून वीतभर उंचीचा एक चिलखतवाला आणला. पाठीतलं बटन दाबलं की त्याचे डोळे निळे पेटायचे. ह्यांनी तो हातात घेतला आणि जेवायचं विसरले. तिथून जे सुरू झालं ते सुरूच आहे. कुठल्या कुठल्या देशातल्या दुकानांना इंग्रजीत मेल लिहायचे, पार्सल मुंबईच्या कस्टमला अडकलं की तिथल्या साहेबांना सरकारी भाषेत अर्ज खरडायचे, आणि पार्सल आलं की कैचीनं पट्टी अशी अलगद कापायची की जणू आत जिवंत जीव आहे. खोकासुद्धा टाकायचा नाही म्हणे, खोक्यासकट ठेवलं तर मोल राहतं. आमच्या माळ्यावर माणसाला पाय ठेवायला जागा नाही, खोक्यांना आहे. माझ्या माहेरची पितळी भांडी ज्या काचेच्या कपाटात होती, तिथून ती उठली आणि तिथं हे तलवारबहाद्दर उभे राहिले.

संध्याकाळी मी देवापाशी निरांजन लावायला गेले की हे कपाटापाशी जातात. एकेकाच्या पाठीत बोट घालतात. कुणाचे डोळे लागतात, कुणाची तलवार, कुणाच्या छातीतलं चक्र. मग खोलीतला दिवा घालवायचा, खुर्ची ओढायची आणि पोटावर हात ठेवून बघत बसायचं.

"शोभतं का हे?" मी म्हणायची.

"शांत वाटतं गं," एवढंच म्हणायचे. त्यावर काय भांडणार?

आता सेलचं. घड्याळात, वजनकाट्यात घालतात तो रुपयाएवढा चपटा चकचकीत सेल असतो ना, त्याला बटन सेल म्हणतात. ह्या बाहुल्यांच्या पाठीत तोच असतो. गेल्या वर्षी ह्यांचं मन एका कंदीलवाल्यावर बसलं. पाठीत वाकलेला म्हातारा पहारेकरी, हातात लाल कंदील, आणि कंदील खरोखर मिणमिणतो. तो मिळत होता नेमका शंतनूच्या गावातल्या एका दुकानात. ह्यांनी शंतनूला कळवलं, शंतनू दुकानात गेला, तर दुकानदारानं तो फळीवरून काढून आत ठेवलेला. म्हणाला, विकता येत नाही. तिकडं कायदा आहे, बटन सेलचं झाकण पोरासोरांच्या नखानं उघडता कामा नये, स्क्रू पाहिजे, खोक्यावर ठळक इशारा पाहिजे. ह्या म्हाताऱ्याचं झाकण नुसतं सरकवलं की निघतं. कंपनीनं नवा, स्क्रूवाला बनवला तर विकू, तोवर नाही. मग ह्यांनी दुसऱ्या देशातले दुकानदार धुंडाळले. त्यातल्या एकानं कळवलं, पाठवतो, पण सेलची जोडणीच काढून पाठवीन, कंदील पेटणार नाही. दुसऱ्यानं कळवलं, आम्ही सेलवाल्या वस्तू परदेशी धाडणंच बंद केलंय.

हे इतके भडकले की चहा गार झाला.

"अडुसष्ट वर्षांचा आहे मी!" घरभर फिरत म्हणाले. "मी काय सेल गिळणार आहे? खेळणी पोरांची असतात, मान्य. पण हे खेळणं नाही, संग्रह आहे! पोरांचा कायदा म्हाताऱ्यांना लावतात, ही कुठली रीत?"

"बरं झालं," मी म्हटलं. "एक कमी पुसावा लागेल."

तेव्हा मला काय ठाऊक, हाच कायदा विमानात बसून माझ्या उंबऱ्यावर येणार आहे.

श्रावण लागला आणि शंतनूचा फोन आला. यंदा महालक्ष्म्यांना येतो. निवेदिताला घेऊन, त्वरिताला घेऊन. त्वरिता माझी नात. तुळजाभवानीचंच नाव आहे ते, मीच सुचवलेलं. दीड वर्षाची झाली होती आणि मी तिला अजून हात लावलेला नव्हता. फोनच्या काचेवरच पापे घ्यायचे, काच पदरानं पुसायची, पुन्हा घ्यायचे. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून चांगली रडले. सांगायला लाज कसली. तीन दिवस का होईना, माझी नात माझ्या छपराखाली, माझ्या कुशीत झोपणार होती. जगात दुसरं काही मागायचं नव्हतं मला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, ह्या खेपेला व्हिडिओचा. हे नेमके कपाटासमोर बसलेले, मागं सगळे योद्धे डोळे पेटवून उभे. निवेदिता हसत बोलत होती, ती मध्येच थांबली. माझी सून तिकडं लहान मुलांच्या इस्पितळात नर्स आहे. मला म्हणाली, "आई, जरा बाजूला येता का?"

मी फोन घेऊन ओट्यापाशी गेले.

"असा सेल पोराच्या घशात अडकला की दोन तासांत आतून भाजतं हो, आई. मी बघितलंय. ती सगळी झाकणं नखानं निघतात, बाबांनीच मागं एकदा काढून दाखवलं होतं. घरात सेल सुटे असतील तर मला तिथं डोळ्याला डोळा लागणार नाही. राग मानू नका, पण मग आम्ही रात्री लॉजवर झोपू, दिवसा येऊ."

मी सहसा उलट उत्तर दिल्याशिवाय राहत नाही, गल्लीत कुणालाही विचारा. पण त्या पोरीचा आवाज असा होता की माझी जीभ उचललीच नाही. मी म्हटलं, "बाई गं, एक सेल दिसणार नाही तुला. माझं वचन."

वचन दिलं खरं, पण सेल ह्यांचे होते.

"काढून टाका सगळे," मी ह्यांना सांगितलं.

"आणि आरास?"

इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. महालक्ष्म्यांपुढं पायऱ्या करून आरास मांडतात. फराळ, फळं, आणि खेळणी. माझ्या लहानपणी मातीचे बैल, लाकडी चूल-बोळकी असायची. ह्यांचे योद्धे आले तसे मी नको नको म्हणता म्हणता तेही पायऱ्यांवर चढले, आणि मग अख्ख्या पेठेतल्या बाया आमची लायटिंगची आरास बघायला यायला लागल्या. हळदीकुंकवाला रीघ लागायची. ह्यांची छाती फुगायची, आणि खोटं कशाला बोलू, माझीही.

"आरास अंधारात मांडू," मी म्हटलं. "नात लॉजवर झोपली तर मी तुमच्या योद्ध्यांना एकेक करून कल्लोळ तीर्थात बुडवून येईन."

हे नुसतं "बघतो," म्हणाले. आणि हे "बघतो" म्हणाले की काय होतं ते तहसिलीत खेटे घातलेल्या माणसांना विचारा.

महालक्ष्म्या यायचा दिवस उजाडला. आमच्या घरी थोरली आणि धाकटी, दोघी कोठ्यांवर उभ्या राहतात. कोठी म्हणजे कंबरेएवढी पत्र्याची पोकळ, पिंपासारखी. सोवळ्यात राहून तिच्यात गहू भरायचे, वर लाडू-करंज्यांचा फराळ ठेवायचा. ते लक्ष्मीचं पोट. मग साडी, दागिने, आणि संध्याकाळी वाजतगाजत मुखवटे आणून वर बसवायचे. पायाशी त्यांची दोन पिलवंडं, म्हणजे बाळं. एकदा लक्ष्मी बसली की तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर विसर्जन होईपर्यंत तिला बोटभर हलवायचं नाही. माझ्या सासूबाईंनी हे मला असं शिकवलं होतं की अजून स्वप्नात दटावतात. कोठ्या भरायचं काम ह्यांचं. सकाळी अंघोळ करून, सोवळ्याचा कद नेसून हे देवघरात शिरले. मी चुलीपाशी होते. मला आपलं बरं वाटलं, माणूस कामाला लागला.

दुपारी पोरं आली. त्वरितानं गाडीतून उतरताना माझ्या नाकातली चमकी धरली आणि सोडलीच नाही. मी म्हटलं, घे बाई, नाकासकट घे.

पाणी प्यायला दिलं, तोवर शंतनूनं पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. लेकराच्या आधी बाप रांगायला लागला घरभर. टीव्हीच्या रिमोटला चिकटपट्टी मारली. माझा स्वयंपाकातला वजनकाटा उचलून कपाटावर ठेवला. देवापुढची सेलवर लुकलुकणारी प्लास्टिकची पणती गेली, उघडलं की आरती वाजणारं वाढदिवसाचं कार्डसुद्धा गेलं. मी बघत होते. मग मी मोठ्या हौसेनं त्वरितासाठी देवळाच्या रस्त्यावरून घेतलेल्या सँडल काढल्या, चाललं की चीं चीं वाजणाऱ्या आणि टाचेत दिवा लागणाऱ्या. शंतनूनं टाच हातात घेतली, अंगठ्यानं दाबली, आणि त्यातनं टुणकन सेल बाहेर.

"हे बघ, आई."

"तू असल्याच घालून मोठा झालास!" मी फणकारले.

"माझ्या वाजायच्या, आई. दिवा नव्हता त्यांत."

तोंडात मारल्यासारखं झालं. पण नातीच्या सँडलमधून निघालेला सेल मीच घरात आणलेला होता, म्हणून गिळलं मी ते.

मग तो आराशीकडं वळला. ह्यांनी योद्धे पायऱ्यांवर मांडून ठेवले होते. शंतनूनं एकेकाची पाठ उघडली. सगळ्या रिकाम्या. मी सुस्कारा टाकला, वाटलं सुटले.

"सेल कुठंयत, बाबा?"

"ठेवलेत."

"कुठं?"

"आहेत व्यवस्थित."

"अहो, व्यवस्थित म्हणजे कुठं? टेबलाच्या खणात? कोटाच्या खिशात? ती सगळीकडं हात घालते."

"मी सांगतोय ना, सुरक्षित आहेत!" हे एकदम ओरडले आणि अंगणात निघून गेले. आयुष्यात आवाज न चढवणारा माणूस. शंतनू निवेदिताकडं बघायला लागला, निवेदिता खाली.

दिवेलागणीला लक्ष्म्या आल्या. सुनेनं मुखवटे आणले, मी कुंकवाची पावलं काढली, ताट-पळी वाजली, त्वरितानं टाळ्या पिटल्या. थोरली बसली, धाकटी बसली. सगळं कसं छान झालं, आणि आरती उरकताच शंतनू हळूच म्हणाला, "आई, आम्ही जेवून स्टँडजवळच्या लॉजवर जातो. खोली सांगून ठेवलीय. बाबा सांगत नाहीत म्हटल्यावर... मला रिस्क नको." बॅग अजून ओसरीवरच होती. तिची चेनसुद्धा उघडलेली नव्हती, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी तरातरा अंगणात गेले. हे तुळशीपाशी उभे होते.

"अहो, पोर चालली माझी लॉजवर. सेल कुठंयत?"

"तू ओरडशील."

"ओरडतेच आहे! बोला."

ह्यांनी इकडं तिकडं बघितलं. "थोरलीच्या पोटात."

मला आधी उमगेचना. मग डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कोठीत? लक्ष्मीच्या कोठीत?"

"गव्हाच्या तळाशी. सकाळी भरताना ठेवले. अगं, घरातली प्रत्येक जागा बघितली मी. खण झाला, माळा झाला, पेटी झाली. पोर पोचणार नाही आणि मीही मध्येच उघडणार नाही अशी ती एकच जागा होती. मला माझा भरवसा नाही गं. संध्याकाळ झाली की हात शिवशिवतो. बाहेर कुठंही ठेवले असते तरी बाया आल्या की मी एखादा तरी लावलाच असता."

"कशात ठेवलेत?"

ह्यावर हे फारच बारीक आवाजात बोलले. "डबीत."

"कसल्या?"

"तपकिरीच्या."

काय सांगू तुम्हाला! जिच्या नैवेद्यासाठी मी ओलेत्यानं पुरण शिजवते, त्या माझ्या ज्येष्ठा लक्ष्मीच्या पोटात ह्या गृहस्थानं परदेशी बाहुल्यांचे सेल, तेही तपकिरीच्या डबीत! उपाध्यांचा मुलगा! कद नेसून! हे मान खाली घालून उभे. मुलाला सांगावं तर बायको फाडून खाईल, न सांगावं तर मुलगा घर सोडून चाललाय, अशी ह्यांची दिवसभर गत झाली होती. म्हणून तो आवाज चढला होता तर.

"आता उघडायची?" ह्यांनी विचारलं. "तू म्हणशील तसं."

मी घरात गेले आणि थोरलीसमोर उभी राहिले. मूळ नक्षत्राआधी हलवायची म्हणजे सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेलं मोडायचं. न हलवावी तर शंतनू विश्वास कसा ठेवणार? समईच्या उजेडात तिचा चेहरा जसा असतो तसाच हसरा होता. पायाशी तिचं पिलवंड. त्याच्या शेजारी माझी त्वरिता फतकल मारून बसलेली, त्या पिलवंडाच्या गालाला हळूच हात लावून "बाऊ, बाऊ" म्हणत होती. माझा राग कुठं गेला देव जाणे. बाळाच्या जिवासाठी पोटात एक डबी ठेवून घ्यायला कुठली आई नाही म्हणेल? आणि नाही म्हणाली तर पुढच्या वर्षी मी भांडेन तिच्याशी, एवढा हक्क आहे माझा.

"शंतनू, निवेदिता, इकडं या," मी हाक मारली. "तुमचे सेल सापडले. ते इथं आहेत." आणि थोरलीच्या साडीच्या निऱ्यांकडं बोट केलं.

मी सगळं सांगितलं. तपकिरीच्या डबीसकट. हे दारात चोरासारखे उभे. शंतनूचं तोंड उघडंच राहिलं. निवेदिता मात्र आधी नर्स, मग सून. तिनं शांतपणे विचारलं, "बाबा, सगळे आहेत? एकही बाहेर नाही?"

हे पुढं आले. थोरलीपुढं हात जोडले. "हिच्यासमोर सांगतो, एकही बाहेर नाही."

"आणि वर काय आहे?"

"वर कोठीभर गहू," मी म्हटलं. "त्यावर फराळ. त्यावर साडी, दागिने, मुखवटा."

"आणि उघडायला काय लागतं?"

"मूळ नक्षत्र."

निवेदिता असं हसायला लागली की तिला खाली बसावं लागलं. "अहो आई, आमच्या कायद्यात नुसता स्क्रू लागतो हो! इथं तर नक्षत्र लागतंय!"

मग शंतनू हसला, मग मी, आणि सगळ्यांत शेवटी, परवानगी मिळाल्यासारखे, हे. त्वरिताला काही कळलं नाही, पण तीही ओरडून हसली. हसू ओसरल्यावर शंतनू ओसरीवर गेला आणि बॅग उचलून आत घेऊन आला. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज इतका गोड असतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्या रात्री नात माझ्या कुशीत झोपली. माझा हात बधिर झाला, पण मी कूस बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी पुरणाचा थाट, सोळा भाज्या, आणि संध्याकाळी हळदीकुंकू. बाया आल्या तशा आराशीपुढं थबकल्या. नळदुर्ग वेशीकडची नीलम्मा तर मोठ्यानंच म्हणाली, "काका, यंदा लाईट न्हाईत व्हय? आमी पोरींना मुद्दाम घेऊन आलाव की!"

मला वाटलं, आता ह्यांचा चेहरा पडणार. हे खुर्चीतून उठले, आणि कायद्याला शिव्या घालून घर डोक्यावर घेणारा तोच माणूस तिला समजावून सांगायला लागला. बटन सेल म्हणजे काय, पोराच्या घशात गेला तर काय होतं, झाकणाला स्क्रू का पाहिजे. बोलता बोलता इतके रंगले की हळदीकुंकवाला आलेल्या बाया ओळीनं बसून ऐकायला लागल्या. शेजारच्या गौराबाईंनी घरी जाऊन नातवाची गाणारी गाडी आणली आणि ह्यांच्यापुढं ठेवली, "बघा बरं काका, हिचं झाकण कसंय ते." मग आणखी कुणी घड्याळ आणलं. शंतनू स्क्रूड्रायव्हर घेऊन बापाशेजारी मांडी घालून बसला. पाच-पन्नास बाया येऊन गेल्या असतील, पण लायटिंग नाही म्हणून परत फिरलेली एकही मी पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी मूळ लागलं. दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता पडल्या, मुखवटे उतरले. गहू परातीत काढता काढता तळाशी ती डबी लागली. मी ती पदरानं धरून, नाक मुरडून शंतनूच्या हातात दिली. त्यानं उघडली आणि एक सेल उचलून डोळ्यांशी धरला.

"काय रे?" मी घाबरले. "कमी आहे का?"

"नाही. हे बघ."

प्रत्येक सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलेली होती. कडा अशा नीट कापलेल्या की ह्यांनीच कापाव्यात. डबीच्या झाकणालाही आडवी पट्टी.

"सुटे ठेवले तर एकमेकांना लागून तापतात," हे खाकरत म्हणाले. "सेलच्या पाकिटावर लिहिलंय. मी वाचलं सगळं."

जन्मभर परिपत्रकं पाळलेला माणूस. तोंडानं शिव्या देत होता आणि हातानं शेवटच्या ओळीपर्यंत पाळत होता. शंतनूनं बॅगेतून एक खोका काढला आणि बापापुढं ठेवला. लाल कंदीलवाला म्हातारा! कंपनीनं नवा काढलेला, पाठीत बारीकसा स्क्रू, खोक्यावर ठळक इशारा. पोरानं येतानाच आणला होता आणि सेलांचा निकाल लागेपर्यंत दडवून ठेवला होता. बापाचाच मुलगा तो.

मग त्वरिताला मी मांडीवर घट्ट धरलं आणि बापलेकांनी मिळून सगळ्यांच्या पाठीत सेल घातले. म्हाताऱ्याचा स्क्रू हे स्वतः पिळत होते, शंतनू "अजून, अजून" म्हणत होता. खोलीतला दिवा घालवला. डोळे पेटले, तलवारी पेटल्या, आणि मध्ये तो लाल कंदील मिणमिणायला लागला. त्वरिता श्वास रोखून बघत राहिली, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लाई!" लाईट म्हणायचं होतं तिला. तिच्या तोंडचा तो पहिला मराठी शब्द आहे असं हे सांगतात. इंग्रजी आहे असं मी सांगते. वाद चालू आहे. सेल मात्र लगेच पुन्हा डबीत गेले.

पोरं परत गेली. घर कसं होतं ते सांगत बसत नाही.

आता दर रविवारी दुपारी, तिकडं संध्याकाळ असते तेव्हा, फोन येतो. पोर आधी "आजी" म्हणत नाही, "आजोबा" म्हणत नाही. "लाई!" म्हणते. मग हे एकेकाच्या पाठीत सेल घालतात, मी खिडकीचे पडदे ओढते, आणि ती तिकडं काचेवर टाळ्या पिटते. फोन बंद झाला की हे पुन्हा सगळे सेल काढायला बसतात.

पहिल्या रविवारी मी विचारलं, "अहो, आता घरात लहान कोण आहे? राहू द्या की. संध्याकाळी बघत बसा तुमचं तुम्ही."

"नको," हे म्हणाले. "हाताला सवय राहू दे. ती पुन्हा येईल तेव्हा एखादा विसरायला नको."

डबी मात्र मी बदललीय, तपकिरीची फेकून दिली आणि माझ्या माहेरची पितळी दिली, घट्ट फिरकीच्या झाकणाची. हे सेल पुढं करतात, मी चिकटपट्टी कापून देते.